दोन दूरच्या शहरांमधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ स्वतः कसा काढावा

मुलगा किंवा मुलगी लंडनला, न्यू यॉर्कला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला राहायला गेली की घरातल्या ज्येष्ठांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ते गाव इथून किती लांब आहे आणि विमानाला किती तास लागतात? या साध्या प्रश्नाला चार जणांकडून चार उत्तरे मिळतात. कोणी ७,२०० किलोमीटर सांगतो, कोणी ७,५००. कोणी तिकिटावरची रात्रीची दोन आणि सकाळची सात ही वेळ पाहून पाच तासांचा प्रवास असे समजतो, तर नुकताच जाऊन आलेला शेजारी साडेनऊ तास म्हणतो. यांपैकी बहुतेकांनी आकडा बरोबरच वाचलेला असतो, पण तो कशाचा आहे हे पाहिलेले नसते.

म्हणून आधी एक गोष्ट पक्की करावी. दोन शहरांमधले किमान अंतर पृथ्वीच्या आकाराने ठरते आणि ते कधीही बदलत नाही. उड्डाणाला लागणारा वेळ मात्र वाऱ्याने, देशांच्या सीमांनी आणि विमानतळावरच्या गर्दीने ठरतो आणि तो ऋतूगणिक बदलतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या काढायच्या असतात. पुढे मुख्यतः मुंबई ते लंडन हे उदाहरण घेतले आहे.

अंतर : भिंतीवरचा नकाशा बाजूला ठेवा

शाळेच्या भिंतीवरच्या सपाट नकाशावर मुंबई आणि लंडन यांना पट्टीने जोडले, तर रेषेचा मध्यबिंदू तुर्कस्तान आणि सीरिया यांच्या सीमेजवळ येतो. प्रत्यक्षात सर्वांत जवळच्या मार्गाचा मध्य तिथे नसून जॉर्जियाची राजधानी तिबिलिसीच्या आसपास, म्हणजे कित्येक शे किलोमीटर ईशान्येला आहे. गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना ध्रुवांकडचा प्रदेश ताणला जातो, त्यामुळे कागदावरची सरळ रेषा पृथ्वीवर सर्वांत जवळची राहत नाही. विषुववृत्तावर रेखांशाच्या एका अंशाचे अंतर सुमारे १११ किलोमीटर असते; मुंबईच्या अक्षवृत्तावर ते १०५ किलोमीटर भरते आणि लंडनच्या अक्षवृत्तावर केवळ ६९. कागद मात्र ही सगळी अंतरे सारखीच दाखवतो.

गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या मध्यातून सुरी फिरवून तिचे बरोबर दोन अर्धे केले, तर पृष्ठभागावर उमटणारी कड म्हणजे बृहद्वृत्त. लंडनच्या बाबतीत सपाट नकाशावरच्या सरळ रेषेने गेल्यास सुमारे २०० किलोमीटर जास्त पडतात, पण न्यू यॉर्कच्या बाबतीत हाच फरक १,७०० किलोमीटरांच्या घरात जातो. मुंबईहून न्यू यॉर्कला जाणारा सर्वांत जवळचा मार्ग आधी उत्तरेकडे चढतो, आइसलंडच्या अक्षांशापर्यंत पोचतो आणि मग खाली उतरतो. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग कमानीसारखा वाकडा दिसतो तो यामुळेच. ‘पायलट एवढा वळसा का घेतोय?’ असे अनेक जण काळजीने विचारतात; त्यांना हे समजावून सांगावे.

हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर घरातला पृथ्वीगोल आणि शिवणाचा दोरा घ्यावा. पहिल्यांदा दोरा विषुववृत्ताभोवती एकदा फिरवून त्याची लांबी मोजावी. ३० सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर ती सुमारे ९४ सेंटिमीटर भरेल. पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर आहे, म्हणजे या गोलावरचा एक सेंटिमीटर सुमारे ४२५ किलोमीटरांचा झाला. आता दोऱ्याचे एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबून धरावे, दुसरे लंडनवर ठेवावे आणि दोरा ताणावा. सैल असताना तो कुठूनही जातो. ताणला की आपोआप सरकत वर चढतो आणि एका जागी स्थिर होतो. ती जागा म्हणजे बृहद्वृत्त. दोरा चिमटीत धरून पट्टीवर ठेवला की १७ सेंटिमीटर भरतो, आणि १७ गुणिले ४२५ म्हणजे ७,२२५ किलोमीटर. न्यू यॉर्कला साडेएकोणतीस सेंटिमीटर लागतात, सॅन फ्रान्सिस्कोला जवळपास बत्तीस. नातवंडांना जवळ बसवून एकदा तरी हे करावे. पुस्तकातले बृहद्वृत्त दोऱ्याच्या त्या सरकण्यातून जसे समजते तसे व्याख्येतून समजत नाही.

नेमका आकडा हवा असेल तर साइन आणि कोसाइन असलेला कॅल्क्युलेटर पुरतो. बऱ्याच मोबाइलमध्ये तो फोन आडवा धरल्यावर उघडतो. तो अंशांवर लावलेला आहे ना, हे आधी तपासावे. रेडियन या कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककावर राहिला तर उत्तर पूर्णपणे चुकते. मुंबई विमानतळ १९.०९ अंश उत्तर आणि ७२.८७ अंश पूर्व येथे आहे, तर लंडनचा हीथ्रो विमानतळ ५१.४७ अंश उत्तर आणि ०.४५ अंश पश्चिम येथे. एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला असल्यामुळे रेखांशांची बेरीज करायची : ७३.३२. दोन्ही ठिकाणे एकाच बाजूला असती तर वजाबाकी केली असती. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करावा : ०.३२७१ गुणिले ०.७८२३, म्हणजे ०.२५५९. मग दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशातल्या फरकाचा कोसाइन या तिन्हींचा गुणाकार करावा : ०.९४५० गुणिले ०.६२२९ गुणिले ०.२८७०, म्हणजे ०.१६८९. दोन्हींची बेरीज ०.४२४८ होते. या संख्येचा व्यस्त कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचे cos⁻¹ बटण) काढला की ६४.८६ अंश मिळतात, आणि दर अंशाला १११.२ किलोमीटर धरले की ७,२१२ किलोमीटर. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे अचूक आकडा काही किलोमीटरांनी वेगळा असतो, पण आपल्या कामाला एवढे पुरेसे आहे. सिडनीसारखे शहर दक्षिण गोलार्धात असेल तर त्याचा अक्षांश उणे धरावा.

वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, आणि बृहद्वृत्तावरच्या एका अंशात असे ६० मैल बसतात. त्यामुळे ६४.८६ ला ६० ने गुणले की ३,८९२ सागरी मैल हा आकडा थेट मिळतो. साधा मैल १.६०९ किलोमीटरांचा असतो. सांगोवांगी ऐकलेले अंतर या तीन एककांपैकी कशात आहे हे विचारल्याशिवाय स्वीकारू नये.

याच रीतीने मुंबई ते न्यू यॉर्क सुमारे १२,५३० आणि मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को सुमारे १३,५१० किलोमीटर येते.

विमान त्या रेषेवरून का जात नाही

दोऱ्याने मिळालेले अंतर किमान असते. प्रत्यक्ष मार्ग त्याहून लांब होतो, आणि त्याची कारणे समजली तर वेळेचा अंदाज खूप सुधारतो.

मुंबई–लंडन रेषाच पाहा. ती मुंबईहून वायव्येला निघते, कराचीच्या आसपास पाकिस्तानात शिरते आणि मध्यापलीकडे युक्रेनवरून जाते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली आणि ही मुदत पुढे वारंवार वाढवली. त्याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारीपासून १६ जुलैपर्यंत हा मार्ग बंद होता. युक्रेनचे आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद आहे. त्यामुळे भारतीय कंपनीचे विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या दिशेने जाऊन वळते, तर त्याच दिवशी निघालेले परदेशी कंपनीचे विमान वेगळ्या वाटेने जाऊ शकते, आणि दोघांच्या वेळात फरक पडतो. दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना या बंदीचा फटका मुंबईपेक्षा जास्त बसतो, कारण मुंबईच्या दारातच मोकळा समुद्र आहे आणि दिल्लीच्या विमानाला आधी दक्षिणेकडे उतरावे लागते.

दुसरे कारण भूगोलाचे आहे. मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोची रेषा जवळजवळ सरळ उत्तरेला निघते, हिमालय आणि तिबेटच्या पठारावरून सैबेरियात जाते आणि ७६ अंश उत्तर अक्षांशापलीकडे आर्क्टिक महासागर गाठते. तिबेटचे पठार सरासरी ४,५०० मीटर उंच आहे. विमानातला हवेचा दाब अचानक गेला, तर वैमानिकाला लवकरात लवकर सुमारे १०,००० फुटांवर उतरावे लागते, कारण डोक्यावरून खाली येणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन मोजक्या मिनिटांपुरताच असतो. पण तिबेटवर जमीनच १४,००० फुटांहून वर आहे. म्हणून नियमित प्रवासी विमाने शक्यतो या पठाराला वळसा घालतात.

तिसरे कारण वारा, आणि तो कधी कधी लांबचा मार्ग फायद्याचा करतो. एअर इंडियाचे दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी युरोप आणि अटलांटिक महासागरावरून जात असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, पूर्वेकडे पॅसिफिक महासागरावरून नेण्यास सुरुवात झाली. अंतर सुमारे १,४०० किलोमीटरांनी वाढले, पण वारा पाठीमागून मिळू लागल्यामुळे वेळ जवळपास दोन तासांनी घटला. अंतराला एका ठरीव वेगाने भागून वेळ काढणाऱ्यांनी हे उदाहरण नेहमी ध्यानात ठेवावे.

वेळ : वाऱ्याची दिशा पाहून भागाकार

लांब पल्ल्याची जेट विमाने साधारण ३०,००० ते ४०,००० फुटांवरून उडतात. तिथे तापमान उणे ५५ अंशांच्या आसपास असते, ध्वनीचा वेग ताशी सुमारे १,०६० किलोमीटर असतो आणि विमान त्याच्या ८५ टक्के, म्हणजे ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाते. हा हवेच्या सापेक्ष वेग झाला. जमिनीच्या सापेक्ष वेग काढायचा तर त्यात वारा मिळवावा किंवा वजा करावा लागतो, जसे नदीच्या धारेबरोबर जाणारी आणि धारेविरुद्ध येणारी होडी एकाच वल्ह्याने वेगवेगळ्या वेगांनी जाते.

या उंचीवर मध्य अक्षांशांत वारा मुख्यतः पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. त्यातले जोराचे पट्टे म्हणजे जेट प्रवाह. हिवाळ्यात ते अधिक प्रबळ होतात आणि त्यांचा एक फाटा उत्तर भारतावरही उतरतो. म्हणून भारतातून युरोपकडे जाताना वेळ जास्त लागतो आणि परतताना कमी. हिवाळ्यात हा फरक वाढतो.

आता हिशेब असा करावा. किमान अंतरात साधारण पाच टक्के वाढ धरावी : ७,२१० चे सुमारे ७,५७० किलोमीटर. मार्गावरचे एखादे मोठे आकाश बंद असेल तर वाढ जास्त धरावी. पश्चिमेकडे जाताना ९०० मधून सरासरी ५० वजा करून ताशी ८५० वेग घ्यावा, म्हणजे ८ तास ५४ मिनिटे होतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणे, चढणे, उतरणे आणि उतरल्यावर गेटपर्यंत पोचणे यासाठी ४० मिनिटे मिळवली की साडेनऊ तास होतात. परतीला ताशी ९५० धरून सुमारे आठ तास आणि वरची ४० मिनिटे, म्हणजे पावणेनऊ तासांच्या आत. या साध्या हिशेबाचे उत्तर वेळापत्रकाच्या बरेच जवळ येते आणि एखादा भलताच आकडा ऐकला तर तो लगेच खटकतो.

वेळापत्रकात छापलेला वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो, चाके जमिनीवरून उचलल्यापासूनचा नव्हे. मुंबईच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमाने रांगेत उभी राहतात. लहान पल्ल्यावर तर हीच मिनिटे वरचढ ठरतात. मुंबई ते गोव्यातला दाबोळी विमानतळ हे हवाई अंतर जेमतेम ४२० किलोमीटर आहे. नुसता भागाकार केला तर अर्धा तासही लागायला नको, पण वेळापत्रक सव्वा तासाच्या आसपास सांगते. त्यामुळे वरची रीत दोन हजार किलोमीटरांहून लांबच्या प्रवासालाच लावावी.

तिकिटावरची घड्याळे

तिकिटावर निघण्याची वेळ निघणाऱ्या शहराची असते आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या शहराची. दोन्हींची थेट वजाबाकी कधीही करू नये. दोन्ही वेळा आधी भारतीय प्रमाणवेळेत आणाव्यात आणि मगच वजा कराव्यात.

समजा, विमान मुंबईहून पहाटे २ वाजता निघते आणि लंडनला सकाळी ७ वाजता पोचते. उन्हाळ्यात लंडन भारताच्या साडेचार तास मागे असते, म्हणून लंडनचे ७ म्हणजे भारतातले साडेअकरा. दोन ते साडेअकरा, साडेनऊ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास पुढे असते. उरलेल्या काळात फरक साडेपाच तासांचा होतो. अमेरिकेत हे बदल मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी होतात, आणि न्यू यॉर्कचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा तासांचा असतो. मार्चमधले दोन-तीन आठवडे असे असतात की अमेरिकेचे घड्याळ बदललेले असते आणि ब्रिटनचे नसते. लंडनमार्गे न्यू यॉर्कला जाणाऱ्यांनी त्या दिवसांत विशेष जपून हिशेब करावा.

मधे विमान बदलायचे असेल तर अंतर आणि वेळ यांचा संबंध आणखी सुटतो. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई–लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर; दोन्ही मिळून थेट मार्गापेक्षा जेमतेम २०० किलोमीटर जास्त. वेळ मात्र दुबईत किती थांबायचे यावर ठरतो आणि एकूण प्रवास तेरा-चौदा तासांचा सहज होतो. माझे मत असे आहे की गुडघेदुखी असलेल्या किंवा पहिल्यांदाच जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी थोडे जास्त पैसे मोजून थेट विमान घ्यावे. परक्या विमानतळावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालावे लागते, आणि ते चालणे किलोमीटरांच्या कुठल्याही हिशेबात दिसत नाही.

घरापासून घरापर्यंतचा वेळ वेगळाच मांडावा. पुण्याहून निघणाऱ्याने मुंबई विमानतळापर्यंत चार तास, तिथे तीन तास, विमानात साडेनऊ, उतरल्यावर पासपोर्ट तपासणी आणि सामान यांसाठी दीड आणि पुढे मुलाच्या घरापर्यंत एक तास धरला, तर एकोणीस तास होतात. नवी मुंबईचा नवा विमानतळ सुरू झाल्यापासून तिकिटावर कोणता विमानतळ लिहिला आहे हेही पाहणे आवश्यक झाले आहे.

मध्यरात्रीनंतरची तारीख

मुंबईहून युरोप-अमेरिकेला जाणारी बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात, आणि इथे आमच्याच घरात झालेली चूक सांगणे मला गरजेचे वाटते. आत्याच्या तिकिटावर १२ तारीख आणि ०१:३५ ही वेळ होती. आम्ही सगळ्यांनी ‘बारा तारखेची रात्र’ असे मनात धरले, १२ च्या संध्याकाळी तिला जेवू घालून, ओटी भरून विमानतळावर नेले आणि दारावरच्या जवानाने तिकीट पाहून सांगितले की हे विमान काल रात्रीच गेले. आत्या बॅगेवर हात ठेवून कितीतरी वेळ नुसती उभी होती. नवे तिकीट काढावे लागले आणि लंडनला तिची वाट पाहणारी लेक दिवसभर अस्वस्थ राहिली. बारा तारखेचे ०१:३५ म्हणजे अकरा तारखेचे जेवण झाल्यावर घरातून निघायचे. दिनदर्शिकेवर उड्डाणाच्या तारखेला खूण न करता घर सोडण्याच्या दिवसाला आणि तासाला खूण करावी, आणि पलीकडे न्यायला येणाऱ्यांना पोचण्याची तारीख वारासकट कळवावी.

औषधांची वेळही याच हिशेबातून काढावी. रोज सकाळी आठ आणि रात्री आठ वाजता गोळी घेणाऱ्या माणसाची सकाळची गोळी वरच्या प्रवासात विमानातच येते, कारण भारतातले आठ म्हणजे उन्हाळ्यातल्या लंडनचे पहाटेचे साडेतीन. रात्रीची गोळी लंडनच्या दुपारी साडेतीनला येते. पुढे हळूहळू तिथल्या घड्याळावर कसे यायचे हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे, विशेषतः इन्सुलिन असेल तर. पण डॉक्टरांसमोर बसताना निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ आणि मधले खरे तास हातात असावेत. आम्ही आता एका पोस्टकार्डाएवढ्या कागदावर दोन रकाने आखतो, डावीकडे भारतातली वेळ आणि उजवीकडे तिथली, त्यांत निघणे, गोळ्या, जेवण आणि पोचणे ठळक अक्षरांत लिहितो आणि तो कागद पासपोर्टच्या कव्हरमध्ये, उघडताच दिसेल असा ठेवतो.